आईला बंदूक घ्यायची होती

वडील गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी आईनं फोनवर विचारलं, "बाईमाणसाला झेपंल अशी बंदूक केवढ्याला येती गं?"

आमची वस्ती शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या अंगाला. चारी बाजूंनी ऊस, शेजारचं घर हाकेच्या पल्याड. भाऊ रांजणगावच्या एमआयडीसीत, एक आठवडा सोडून नाइट शिफ्ट. मी पुण्यात. दारात अजून वडिलांच्या चपला असतात. त्या आठवण म्हणून नाहीत. घरात बाप्या आहे असं बाहेरच्याला वाटावं, म्हणून.

तिची भीती मनची नव्हती. 2024 च्या पावसाळ्यात शिरूर-दौंडकडे रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, असं बोललं जात होतं. गावोगावची पोरं काठ्या घेऊन जागायची. मग 2025 चा ऑक्टोबर आला. पिंपरखेड-जांबूतच्या शिवारात वीसेक दिवसांत बिबट्यानं तिघांचा जीव घेतला, त्यात दोन लेकरं. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला, वनखात्याची गाडी पेटवली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शार्पशूटरनं बिबट्या मारला. तरी त्या भागातल्या बाया गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागल्या. मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तसा पट्टा. ते फोटो तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर त्याखाली हसण्याचे इमोजी होते. आई त्याच आठवड्यात रात्री एकटी उसाला पाणी द्यायला गेली होती, कारण मोटारीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती.

तर मी शोधायला बसले. बायकांसाठी म्हणून खरंच एक रिव्हॉल्व्हर आपल्याकडे निघालंय. जानेवारी 2014, कानपूरचा सरकारी कारखाना, नाव 'निर्भीक'. दिल्लीच्या निर्भयाची आठवण त्या नावात आहे. पॉइंट बत्तीस बोअर, सहा गोळ्या, टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं. दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीतून यायचं म्हणे. किंमत तेव्हाची सव्वा लाखाच्या आसपास. पुढे इशापूरच्या कारखान्यानं 'निडर' काढलं, पॉइंट बावीसचं, अडीचशे ग्रॅमचं आणि बरंच स्वस्त. मी आईला सव्वा लाखाचा आकडा सांगितला. ती म्हणाली, "एवढ्यात गाभण जर्शी येती की."

पैसे हा नंतरचा प्रश्न. आधी परवाना. आमच्यासारख्या ग्रामीण भागात तो जिल्हाधिकारी कचेरीतून मिळतो, त्याआधी पोलिसांचा अहवाल लागतो. 2016 च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण हवं आणि ते घरात कुलपात सुरक्षित ठेवीन, असं लिहून द्यावं लागतं. परवाना पाच वर्षांचा. निवडणूक लागली की बऱ्याच जणांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो, कायद्यात तशी सोय आहे, पण ती बिबट्यावर चालवायची नाही. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो नरभक्षक झाला तरी मारायची परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडूनच यावी लागते.

हे सगळं फोनवर सांगून आईचं समाधान होईना. मग दिवाळीनंतर तिला घेऊन दौंडला मावशीकडे गेले. न्हावऱ्यावरून पारगावला भीमा ओलांडायची, चौफुल्याला हायवेला लागायचं. मावशीचे यजमान दौंडच्या एसआरपी कॅम्पातून निवृत्त झालेत. तीस वर्षं त्यांच्या खांद्याला रायफल होती. आता एका बँकेच्या दारात डबल बॅरल घेऊन बसतात.

काकांनी आधी आईचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अक्का, माझं बोट दाबा. जोरात." कांदा काटून काटून आईच्या अंगठ्याचा सांधा सुजलेला असतो. तिनं दाबलं.

"रिव्हॉल्व्हरचा घोडा पहिल्या गोळीला चांगला जड जातो. चार-पाच किलोचा जोर एका बोटात पाहिजे. आन हत्यार हलकं म्हंजे सोपं, असं नसतंय. हलकं तेवढा झटका जास्त. नळी बारकी, म्हणून नेम धरायला अवघड. वर्षातनं धा गोळ्या तरी मारल्या तर हात बसतो. त्या कुठं मारणार?"

"किती पावलांवर लागंल?" आईनं विचारलं.

"तुमच्या हातानं? घरातल्या घरात. अंधारात तेबी न्हाई."

आई गप्प झाली. गोठा ते दार चाळीस पावलं आहे. तिनं मोजलेलं होतं.

मी कुलपाचं काढलं. रात्री दार वाजल्यावर आधी किल्ली शोधायची, कपाट उघडायचं, मग गोळ्या भरायच्या. काका हसले नाहीत. बँकेच्या ड्यूटीत त्यांना एकच भीती वाटते, म्हणाले, आपलीच बंदूक कुणी हिसकावून घेईल ही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे, जिवावर बेतलं तर समोरच्याचा जीव गेला तरी तो हक्क टिकतो, हेही त्यांना पाठ होतं. "पन ते कोर्टात शाबीत करायला वकील लागतो, अक्का. एक गाय तिथं जाती."

मावशी तोवर चहा गाळत होती. तिनं मधेच त्यांच्या तालुक्यातली गोष्ट काढली. 2024 च्या डिसेंबरमध्ये उसाच्या कडेला एक बाई मेलेली सापडली. सगळे म्हणाले, बिबट्या. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात बिबट्याचा मागमूस नव्हता. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवून नात्यातल्याच माणसाला अटक केली. मावशी एवढंच बोलली आणि कप पुढे केले. मला तेव्हापासून हेच डोक्यात बसलंय. अशा माणसासाठी आई रात्री अकरालाही कडी काढते, पाट मांडते. निर्भीक तेव्हा कपाटात असणार.

परत येताना आईनं शिरूरच्या बाजारातून दोन सोलर दिवे घेतले. गोठ्याला जाळी मारायचं भावानं कबूल केलंय. ग्रामसुरक्षा यंत्रणेचा नंबर तिच्या फोनमध्ये घातला. त्यावर फोन केला की आपलाच आवाज गावातल्या सगळ्यांच्या फोनवर जातो. तिला ही कल्पना आवडली, पण तिनं लगेच विचारलं, "रेंज नसंल तर?" आमच्या उसात रेंज नसते. रात्रीच्या पाण्याला आता ती शेजारच्या काकूंना बोलावते, मग दोघी मिळून त्यांच्या उसाला जातात. दिवसा लाइट द्या, असा अर्ज दोघींनी ग्रामपंचायतीत दिलाय.

बंदुकीचा विषय संपला असं मी धरून चालले होते. परवा तिचा फोन आला.

"तो फारम आण."

"आई, काकांनी एवढं सांगितलं..."

"सांगितलं की. मारायची न्हाई मला. तात्यांच्या घरात बंदूक हाय, एवढं गावात फिरू दे."

फॉर्म आणलाय. त्यात कारण लिहावं लागतं. काकांच्या म्हणण्याप्रमाणे तिथं नुसती भीती चालत नाही, धमकी, तक्रार, काहीतरी कागद जोडावा लागतो. म्हणजे आधी काहीतरी घडायला हवं. आई म्हणते कारण ती सांगेल, पण आत्ता कांद्याची लागण चालू आहे, पुढच्या आठवड्यात ये.