ठिणगीचा शोध

एटापल्लीसारख्या ठिकाणी राहून जुनी मोटारसायकल बाळगणे हा शहाणपणा की हट्ट, याविषयी आमच्या घरात मतभेद आहेत. वडिलांनी 1978 साली घेतलेली बुलेट अद्याप आमच्या पडवीत उभी असते. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तो 26 ऑगस्ट 1982 रोजी; म्हणजे गाडी जिल्ह्याहून चार वर्षांनी वडील, आणि त्या वडीलपणाचा मान ती पावसाळ्यात पुरेपूर वसूल करून घेते. चिरंजीवांचे म्हणणे असे की, ती विकून नवी घ्यावी; तिच्या ठिणगीची सारी व्यवस्था एका बंद डबीत असते. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ती डबी सहसा बिघडत नाही. परंतु बिघडली म्हणजे उघडून पाहण्याजोगे तीत काही नसते. आलापल्लीस नवी न मिळाली तर चंद्रपूर गाठावे लागते.

जुन्या गाडीचा कारभार उघडा आहे. बॅटरीचा प्रवाह कॉईलमधून आणि पॉइंट म्हणतात त्या दोन लहान टोकांमधून फिरत असतो. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात ठराविक क्षणी एक उंचवटा ही टोके विलग करतो. नळाचे वाहते पाणी एकाएकी अडविले असता नळ दणका देतो, हे वाचकांनी अनुभविले असेल. त्याच न्यायाने प्रवाह तुटताक्षणी कॉईलच्या दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्टांचा दणका उठतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. पॉइंट उघडावयाचे ते अवघे 0.35 ते 0.40 मिलिमीटर. त्यांच्याजवळच बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. टोके उघडताना प्रवाहाने तेथेच उडी घेऊ नये म्हणून त्याला क्षणभर पोटात घेणे, एवढेच त्याचे काम. घरातील अबोल वृद्धेप्रमाणे त्याचे महत्त्व त्याच्या आजारपणातच कळते.

गेल्या श्रावणात शेजारचे आरोग्यसेवक सकाळीच दारी आले. गट्ट्याच्या बाजूच्या एका गावात तापाचे रुग्ण वाढले होते. रक्ताचे नमुने घ्यावयाचे, गोळ्या पोहोचवावयाच्या, आणि त्यांची स्वतःची गाडी दुरुस्तीस गेलेली. हिवताप म्हणजे काय, हे या मुलुखात कोणास समजावून सांगावे लागत नाही. आम्ही त्यांस मागे घेऊन निघालो. चार-पाच कोस गाडी उत्तम चालली; मग दोनदा खोकून तिने मान टाकली. पुढे नाला होता, आणि वरच्या डोंगरात पाऊस झाला की दुपारनंतर त्याचे पाणी रपट्यावर चढते.

अशा वेळी प्रथम प्लग बदलण्याचा मोह होतो. वडिलांचा परिपाठ निराळा होता: बॅटरीपासून निघावे, प्लगपाशी थांबावे, मधले एकही घर वगळू नये. भोंगा खणखणीत वाजला, तेव्हा बॅटरीविषयी शंका उरली नाही. बुलेटच्या हेडलाईटच्या माथ्यावर अँपिअरचा काटा असतो. हा आमच्या मते गाडीचा खरा वैद्य. किक हलके हलके दाबली असता पॉइंट मिटताच त्याने उणेकडे झुकावे आणि उघडताच मध्यावर यावे. तो मध्यावरून हललाच नाही, तर पॉइंट जुळत नाहीत किंवा कोठे तार तुटली आहे. उणेकडेच खिळून राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा प्रवाह मधूनच बॉडीला मिळतो आहे. आमचा काटा शिस्तीने डोलत होता. मग प्लग काढून इंजिनास टेकविला. ठिणगी पडली, पण पिवळट आणि बारीक. शेवटी पॉइंटचे झाकण काढले, आरोग्यसेवकांनी छत्रीचा अंधार केला, आणि किक मारताच पॉइंटमध्येच निळी लखलख दिसली. प्लगचे धन वाटेतच लुटले जात होते.

पाऊण तासाने इंजिन निवले तशी गाडी पहिल्या किकेस सुरू झाली, आणि संशय पक्का झाला. बुलेटचा कंडेन्सर सिलिंडरच्या मागे, ऐन उष्णतेत बसविलेला असतो.

“गुरुजी, तुम्ही गाडी घेऊन परत जा,” आरोग्यसेवक म्हणाले, “मी पायी जातो. येताना मात्र घ्यायला या.” पिशवी खांद्याला लावून ते निघालेही.

थांबत, निववत आम्ही एटापल्लीस आलो. बाजारातील तरुण मिस्त्रीने ऐकून घेतले आणि म्हटले, “कंडेन्सरच आहे जी. गरम झाला का मरते, थंडा झाला का जिते.” नवा त्याच्याजवळ नव्हता. दुकानामागे एका मोडक्या जीपचा सांगाडा पडला होता. तिच्या डिस्ट्रिब्यूटरमधला कंडेन्सर त्याने काढला. पॉइंटच्या कोणत्याही गाडीचा कंडेन्सर बहुधा दुसऱ्या गाडीस चालतो, हे ज्ञान नव्या मिस्त्र्यांत दुर्मिळ होत चालले आहे. या मुलाला ते कोणी दिले, हे विचारण्यास सवड नव्हती. जुना कंडेन्सर सोडवून त्याने हा टाकीखाली, उष्णतेपासून दूर, तारेने बांधला. एक तार पॉइंटला जोडली, आणि त्याचे अंग लोखंडास घट्ट लागले आहे ना, हे दोनदा पाहिले. पॉइंटवर पॉलिश पेपर फिरविला, गॅप मोजला. वीस रुपये मागितले.

चार वाजता आम्ही रपट्यावर पोहोचलो, तेव्हा पाणी त्याच्या कडेशी लागले होते आणि आरोग्यसेवक पलीकडे पिशवी डोक्यावर घेऊन उभे होते. त्या नमुन्यांपैकी काहींत हिवताप निघाला. औषध लगेच सुरू झाले. नागपूरहून मागविलेला नवा कंडेन्सर पुढे महिन्याभराने आला. तो कपाटात आहे. जीपचा टाकीखाली तसाच लोंबतो, दिसायला ओंगळ आहे, आणि चिरंजीव तो झाकण्यासाठी रेक्झिनचा तुकडा शोधीत आहेत.