जातं कुठं गेलं?

मंडळी, ज्यांच्या घरात एखादी जुनी कॅसेट आहे आणि कानानं मंद झालेलं एखादं म्हातारं माणूस आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. विषय विजेचा असला तरी घाबरू नका. सगळा खेळ पाच व्होल्टचा आहे.

आमच्या बेलापुरात, प्रवरेकाठी, आत्याच्या जात्यावरच्या ओव्या १९८६ साली एका पहाटे टेपवर घेतलेल्या होत्या. आत्या आता नव्वदीला टेकली. ओव्यांचं मोल शहाण्यांनीही ओळखलंय बरं का. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या, आणि २०१७ पासून ‘परी’ या संस्थेनं त्या इंटरनेटवर ऐकायला ठेवल्या आहेत. आमची मात्र एकुलती एक कॅसेट. ती दुकानातून लॅपटॉपवर उतरवून घेतली, पण लॅपटॉपचं हेडफोनचं भोक केव्हाच निकामी झालेलं. मग पुतण्यानं यूएसबीच्या खाचेत बसणारा कन्व्हर्टर घरीच जोडला.

हा कन्व्हर्टर करतो काय? लॅपटॉपमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. पीसीएम २७०४ नावाची एक चिप त्या आकड्यांचा पुन्हा हलता वीजप्रवाह करते आणि हेडफोन त्याचा आवाज करतो. सोबतीला १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि मूठभर सुटे भाग. वीज यूएसबीतूनच मिळते.

पहिल्या दिवशी लॅपटॉपनं त्याला ओळखच दाखवली नाही. वायर बदलली आणि लगेच दाखवली. मोबाइलच्या काही चार्जिंग वायरींत नुसत्या लाल-काळ्या, म्हणजे विजेच्या दोनच तारा असतात. निरोप नेणाऱ्या पांढऱ्या-हिरव्या नसतातच. तेव्हा चिपला दोष देण्याआधी वायर बदलून पाहा. मग एका कानात खरखर. प्लग हलवला की येई-जाई. तिथला सोल्डर पुन्हा गरम करून नीट बसवला, थांबली.

खरी अडचण पुढंच होती. आत्याच्या कानाला हेडफोन लावला. थोडं ऐकलं आणि म्हणाली, “आरं, जातं कुठं गेलं? मी नुसतीच गातीय व्हय?”

आम्ही ऐकलं, तर खरंच. आवाज होता, पण चिरका, पातळ. घरघर जवळजवळ नाहीच. हाच कन्व्हर्टर शेजारच्या ॲम्प्लिफायरला लावला, तर जातं व्यवस्थित घरघरलं! म्हणजे कॅसेट चांगली, चिप चांगली, हेडफोनही मोबाइलवर चांगला वाजत होता. मग चोर कुठं?

चोर म्हणावं असा तो नव्हताच. चिपच्या बाहेर पडणाऱ्या वाटेवर एकेक कॅपॅसिटर असतो. आवाजाबरोबर चिपमधून सुमारे दीड व्होल्टची स्थिर वीजही येते; तिला तो अडवतो आणि हलती वीज पुढं सोडतो. पण कंप जितका संथ, तितका कॅपॅसिटर मोठा लागतो. त्यातही पुढचं यंत्र किती वीज ओढतं त्यावर हिशेब. पुतण्याकडचा नकाशा ॲम्प्लिफायरसाठी काढलेला, त्यात १० मायक्रोफॅरड. ॲम्प्लिफायर दहा हजार ओहमचा, त्याला तेवढा भरपूर. हेडफोन मात्र ३२ ओहमचा. त्याच्यापुढं १० मायक्रोफॅरड म्हणजे सेकंदाला सुमारे ५०० कंपांच्या खालचा आवाज उतरत जातो. जात्याची घरघर नेमकी तिथंच राहते. २२० मायक्रोफॅरडचे बसवले की ही हद्द २३ कंपांच्या आसपास येते.

यात म्हाताऱ्या माणसाची दुहेरी गोची होते. वयानं कान जातात ते बहुधा बारीक, उंच आवाजाकडून. भरड आवाज तेवढा उरतो, आणि आम्ही तोच कापत होतो.

दोन्ही बाजूंचे कॅपॅसिटर बदलले. लांब पाय, म्हणजे अधिकचा, चिपच्या बाजूला हवा. उलटा बसवू नका. मग हेडफोन लावण्याआधी मीटरनं पाहावं: हेडफोनच्या बाजूला स्थिर व्होल्ट काही क्षणांत शून्याजवळ यायला हवेत. न आले, तर हेडफोन जोडूच नये. आणि ‘मोठा चांगला’ म्हणून यूएसबीच्या विजेवर हजाराचा कॅपॅसिटर टाकायचा मोह आवरा. जोडताक्षणी तो वीज गटकन ओढतो. यूएसबीच्या नियमात तिथं जेमतेम दहाचीच मुभा आहे.

आवाज कमी ठेवून आत्याला पुन्हा ऐकवलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. हात मात्र मांडीवर गोल फिरू लागला. मग म्हणाली, “खुंट्याला दुसरा हात तुझ्या आईचा हाय. ओढ बघ की तिची.”

आई कॅसेटवर एक शब्दही गायलेली नाही. आम्हाला ती त्यात आहे हेच ठाऊक नव्हतं. कॅसेटची दुसरी बाजू अजून उतरवायची राहिली आहे.