नाव एक, गुण दोन



अहिल्यानगर शहरातून पाथर्डीच्या रस्त्याने निघालात, की डोंगरावर एक उंच, अष्टकोनी इमारत दिसते. लोक तिला ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात. खरे तर तो महाल नाही. निजामशाहीतील मंत्री सलाबतखान यांची ती कबर आहे. लहानपणी हे कळले तेव्हा मला मोठे नवल वाटले. नुसत्या नावावरून वस्तूची ओळख पटत नाही, हा धडा मी तेथे शिकलो. पुढे ओझोनच्या बाबतीत तोच धडा मला पुन्हा गिरवावा लागला.

ओझोन हा ऑक्सिजनच्या तीन अणूंचा वायू. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर त्याचा थर आहे. तो सूर्याचे घातक अतिनील किरण अडवतो. या थराच्या रक्षणासाठी १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला. म्हणून १६ सप्टेंबरला जगभर ‘ओझोन दिन’ पाळतात. मलाही वाटे, ओझोन म्हणजे आपला रखवालदार! पण हाच वायू जमिनीलगत, आपल्या नाकाजवळ तयार झाला तर?

आमचे शेत राहुरी तालुक्यात आहे. ऊसतोड झाली, की अब्बा पाचट पेटवून देत. तासाभरात रान मोकळे होई. वारा धूर घेऊन जाई. अब्बा म्हणत, “झाले, धूर गेला!” पण त्याच दिवसांत माझ्या दादीला दम्याचा त्रास वाढे. दुपारी ती अंगणात बसून राही. धड बोलताही येत नसे.

धूर खरोखर कोठे जातो? धुरातील बारीक कण छातीत शिरतातच. पण गोष्ट तेथे संपत नाही. वाहने, कारखाने आणि जळते पाचट यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. पेट्रोलच्या, रंगांच्या आणि धुरातल्या काही वाफा त्यांना मिळतात. कडक उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो. हा ओझोन गाडीच्या नळीतून किंवा धुराड्यातून निघत नाही. शिधा आपण पुरवतो, चूल उन्हाची असते. म्हणूनच तो दुपारी जास्त असतो आणि ढगाळ पावसाळ्यात कमी होतो.

तो डोळ्यांना दिसत नाही, रुमालाने अडत नाही. श्वासनलिकेला तो झोंबतो, दमा वाढवतो. पानांच्या बारीक छिद्रांतून शिरून गहू, सोयाबीन यांसारख्या पिकांचे नुकसान करतो. वारा त्याला दूर नेतो. त्यामुळे शहराच्या धुराची शिक्षा कधीकधी शहराबाहेरच्या खेड्यांनाही भोगावी लागते.

शिवाय हा वायू उष्णता धरून ठेवतो. माणसामुळे वाढलेल्या, पृथ्वी तापवणाऱ्या वायूंत कार्बन डायऑक्साइड व मिथेन यांच्यानंतर त्याचाच क्रमांक लागतो. मात्र एक गोष्ट दिलासा देणारी आहे. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम शेकडो वर्षे राहतो. जमिनीलगतचा ओझोन फार तर काही आठवडे टिकतो. शिधा थांबवला, तर चूल रिकामी राहते.

मी हे अब्बांना समजावून सांगितले. ते म्हणाले, “आपल्या एका शेताने काय होणार आहे?” मी म्हणालो, “अब्बा, प्रत्येक जण हेच म्हणतो.” ते काही बोलले नाहीत. पुढच्या हंगामात मात्र त्यांनी एका एकरातले पाचट जाळले नाही. ते सरींमध्ये पसरून कुजू दिले. खोडव्याला पाणी कमी लागले, तण कमी उगवले. त्यानंतर आमच्या शेतात काडी पेटली नाही.

दादीचा दमा बरा झाला, असे मी सांगणार नाही. शेजारची शेते अजून पेटत होती, रस्त्यावर गाड्याही धावत होत्या. पण निदान आमच्या शेताचा धूर तिच्या छातीत जात नव्हता. एक दिवस ती अब्बांना म्हणाली, “बेटा, यंदा तू मला जाळले नाहीस.” अब्बांनी मान खाली घातली.

मित्रांनो, आपण केलेला धूर नजरेआड झाला, म्हणजे संपला असे समजू नका. कोणाच्या तरी अंगणात तो दुसरे रूप घेऊन उतरत असतो.