किती उशा घेता, काकू?

फेब्रुवारी २०२०मध्ये आई साताऱ्याहून आमच्या दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली, महिनाभर राहायला म्हणून. परतीचं तिकीट मार्चअखेरचं होतं. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि ती इथेच अडकली. एरवी पाय ठेवायला जागा नसते त्या कपडेबाजाराची शटर खाली आली. सफदरजंग रुग्णालय आणि एम्स घरापासून जवळच. पण एम्सची ओपीडी २४ मार्चपासूनच बंद होती. अडुसष्ट वर्षांच्या, रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या आईला बाहेर न्यायचं धाडस होत नव्हतं.

एप्रिलमध्ये तिचे पाय सुजले.

इथल्या एका रुग्णालयाच्या फोनसेवेवर खूप वेळानं डॉक्टर मिळाले. आई म्हणाली, “रात्री आडवं पडलं की जीव घाबरा होतो.” मी हिंदीत सांगितलं, “घबराहट होती है.” टीव्हीवरच्या बातम्या बंद ठेवा, काळजी करू नका, असं सांगून त्यांनी तीन मिनिटांत फोन ठेवला. आईचा शब्द हिंदीत नेताना मी त्यातला श्वासच गाळला होता. तिला भीती वाटत नव्हती, धाप लागत होती.

त्या रात्री आईच म्हणाली, “आपल्या साताऱ्याच्या डॉक्टरांना लाव की.” मला ते शक्य वाटत नव्हतं. फोनवर औषध सांगण्यावरून रत्नागिरीत घडलेल्या एका प्रकरणात २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. तेव्हापासून महाराष्ट्रातले डॉक्टर फोनवर बोलायला कचरत. पण टाळेबंदी लागली त्याच दिवशी, २५ मार्चला, केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले होते. नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही रुग्णाला दुरून सल्ला देऊ शकत होता. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो चालणार होता, त्यावर नोंदणी क्रमांक मात्र हवा. झोपेची वगैरे काही औषधं दुरून द्यायला बंदीच होती.

व्हिडिओ सुरू झाला. डॉक्टरांनी आधी नाव, वय, सध्याचा पत्ता विचारून लिहून घेतला. पंधरा वर्षांची ओळख, तरीही.

“काकू, झोपताना किती उशा घेता?”

“आठ दिवसांपासून दोन. एकीवर जमत नाही.”

मग ते मला म्हणाले, “ताई, नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरा. दहा आकडे मोजा. आता सोडा. खळगा राहतो का?” राहिला. मी फोन पायाजवळ नेला. छातीवरचा वर-खाली होणारा पदर बघून त्यांनी मिनिटभराचे श्वास मोजायला लावले. घरातल्या यंत्रावर रक्तदाब घ्यायला लावला. त्यांचा हात शेकडो कोसांवर होता. त्या दहा मिनिटांत त्यांनी माझा वापरला.

फेब्रुवारीत त्यांनीच तिची ॲम्लोडिपिनची मात्रा ५वरून १० मिलिग्रॅम केली होती. या गोळीनं घोटे सुजतात, मात्रा वाढली की जास्तच. “सूज बहुधा त्याची आहे,” ते म्हणाले, “पण दोन उशा मला आवडल्या नाहीत. ईसीजी आणि छातीचा फोटो हवा. हे फोनवर होणार नाही. उद्या सकाळीच जा.”

गेलो. मास्क लावून, रिकाम्या रस्त्यावरून. दोन्ही तपासण्या ठीक निघाल्या. त्यांचे फोटो साताऱ्याला पाठवले, मात्रा पुन्हा ५वर आली, जोडीला दुसरी गोळी लागली. चिठ्ठीचा फोटो दाखवून कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून औषध आणलं. पंधरा दिवसांत चपलेचा पट्टा पुन्हा बसू लागला आणि दुसरी उशी कपाटात गेली.

त्याच सुमारास, १३ एप्रिलला, सरकारची ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली. सप्टेंबर २०२१पर्यंत ई-संजीवनीच्या सगळ्या सेवांवर मिळून १.२ कोटी सल्ले झाले. ते सल्ले घेणाऱ्या सगळ्यांकडे आईसारखे जुने ओळखीचे डॉक्टर नव्हते. तिच्या ‘जीव घाबरा’चा अर्थ लगेच कळणारा माणूस पलीकडे होता, हे तिचं भाग्य. म्हणून शेजारच्या तेलुगू आजींसाठी फोन लावायची वेळ आली, तेव्हा मी हिंदीत सांगण्याआधी त्यांच्या सुनेला विचारलं, “त्या नेमकं काय म्हणाल्या? त्यांच्याच शब्दांत सांग.”

गाड्या सुरू झाल्यावर आई गोवा एक्सप्रेसनं साताऱ्याला परतली. पर्समध्ये शंभर पानी वही होती. रोजची तारीख, दोन वेळचा रक्तदाब, सकाळची साखर आणि शेवटच्या रकान्यात उशांची संख्या: एक, एक, एक.