मागच्या सीटचा विचार

मोटरसायकलचा विषय निघाला की आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये होंडा गोल्ड विंगची एकदा तरी टर उडवली जाते. 'दोन चाकांवरचा सोफा' हे त्यातलं सगळ्यात सभ्य विशेषण. पावणेचारशे किलोंच्या वर वजन, सहा सिलिंडर, १८३३ सीसी, गरम होणारी सीट, स्पीकर, मागच्याला टेकायला पाठ, वर रिव्हर्ससुद्धा! "मग कारच घे की", असं कोणीतरी म्हणतं, सगळे हसतात आणि गप्पा परत लडाखवर येतात. लेहला जाऊन आला, हात दोन दिवस बधिर होते, पाठ धरली, तर तो खरा रायडर. थोडक्यात काय, हाल झाले हीच ट्रिपची पावती.

मला हे काही पटत नाही. आणि का पटत नाही ते सांगायला गोल्ड विंगइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

गंमत म्हणजे ही गाडी मुळात टूरिंगसाठी बनवलीच नव्हती. १९७२ मध्ये कावासाकीची ९०३ सीसीची झेड१ आली आणि होंडाच्या ७५० चा रुबाब कमी झाला. त्याला उत्तर म्हणून होंडाने मोठ्या गाडीचं काम हातात घेतलं. सुरुवातीच्या टीमचे प्रमुख होते शोइचिरो इरिमाजिरी (हेच पुढे व्हिडिओ गेमवाल्या सेगाचे अध्यक्ष झाले). ऑक्टोबर १९७४ मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात जीएल१००० लोकांसमोर आली. चार सिलिंडर, ९९९ सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, चेनऐवजी शाफ्ट. पण पुढे काच नाही, मागे डिकी नाही, सगळा उघडा मामला.

मग अमेरिकन लोकांनी ती विकत घेतली आणि आपल्याला हवी तशी करून टाकली. क्रेग व्हेटर नावाच्या माणसाची 'विंडजॅमर' नावाची फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं मोठं कवच, बाजारात मिळत होतंच. ते पुढे लागलं, दोन्ही बाजूंना पेट्या आल्या, सीट बदलल्या, आणि लोक या राज्यातून त्या राज्यात निघाले. आमच्या भाषेत सांगायचं तर यूजरने वर्कअराउंड केला. अशा वेळी कंपनी दोन गोष्टी करू शकते. 'तुम्ही प्रॉडक्ट चुकीचं वापरताय' असं म्हणू शकते (हे वाक्य मी मीटिंगमध्ये किती वेळा ऐकलंय!), किंवा मुकाट्याने शिकू शकते. होंडा शिकली. १९८० मध्ये जीएल११०० आली, तिच्या इंटरस्टेट मॉडेलवर फेअरिंग, पेट्या आणि मागची ट्रंक थेट कारखान्यातून बसवलेली होती. त्याच वर्षी गोल्ड विंग अमेरिकेत, ओहायोमधल्या मेरिसव्हिलला बनायलाही लागली.

आता आराम म्हणजे नुसती गादी नव्हे, हे इथे नीट बघण्यासारखं आहे. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो तेव्हा त्याचा हिसका खायला दुसरं कोणी नसतं, तो हिसका तुमच्या तळव्यांत येतो. गोल्ड विंगमध्ये पिस्टन दोन बाजूंना आडवे, समोरासमोर. एक डावीकडे गेला की त्याचा जोडीदार उजवीकडे, हिशोब तिथल्या तिथे मिटला. इंजिन आडवं असल्यामुळे वजनही खाली राहतं. पहिल्या मॉडेलमध्ये पेट्रोलची टाकीसुद्धा सीटखाली होती. वर जी टाकी दिसायची ती नुसती पेटी, आत वायरिंग, एअर फिल्टर आणि अडीनडीला लावायची किक! अशा इंजिनाला शाफ्ट लांबीच्या दिशेने असल्याने रेस केलं की गाडी एका बाजूला कलते. म्हणून त्यांनी अल्टरनेटर उलट्या दिशेला फिरवला. चालवणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. चांगलं इंजिनिअरिंग असंच असतं, लक्षात न येणारं.

१९८८ मध्ये जीएल१५०० आली तेव्हा सिलिंडर सहा झाले. एवढं धूड पार्किंगमधून मागे कोण ओढणार? मग स्टार्टर मोटरच वापरून रिव्हर्स दिला. २००१ मध्ये जीएल१८००, आणि २००६ मध्ये एअरबॅग, मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मोटरसायकलवर पहिल्यांदाच.

आणि वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी ६० ला छान वाटणारी झुळूक १२० ला छातीवर बसलेला माणूस होते. सहा तास त्याला ढकलत राहायचं, मान ताठ ठेवायची, हेल्मेटमधला आवाज ऐकायचा. अशा दमलेल्या माणसाचा ब्रेक उशिरा लागतो, वळण उशिरा दिसतं. हायवेवर दिवस मावळताना शेवटचे ८० किलोमीटर ज्यांनी चालवलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून मी म्हणतो, आराम ही चैन नाही, सेफ्टी फीचर आहे.

पण या सगळ्या चर्चेत एक माणूस कोणाच्याच हिशोबात नसतो, तो म्हणजे मागे बसलेला. आमच्याकडे लग्नानंतर दोन वर्षं आम्ही महाबळेश्वर, दिवेआगर, गोवा असं बरंच हिंडलो. मग हळूहळू बायको "तू जाऊन ये" म्हणायला लागली. मी कारण विचारलं तर शांतपणे म्हणाली, "अरे, तुला खड्डा दिसतो, मला तो कळतो." याच्यावर काय बोलणार?

पुढे कामानिमित्त ओहायोत असताना हायवेवरच्या एका पंपावर एक साठीपुढचं जोडपं गोल्ड विंगवरून उतरलेलं पाहिलं. आजीबाई आधी उतरल्या, कंबर न धरता, हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर आजोबांशी कसलासा वाद चालूच होता. बहुतेक रस्ता चुकल्याचा. शेकडो मैल शेजारी शेजारी भांडत आले होते म्हणायचे :)

होंडालाही हा धडा पुन्हा गिरवावा लागला. २०१८ मध्ये गाडी नव्याने आखली. पुढे डबल विशबोन सस्पेन्शन, सात गिअरचं डीसीटी, आणि वजन चाळीसेक किलोंनी कमी. तरुण चालक खूश. पण सामानाची जागा कमी झाली, टाकी २५ वरून २१ लिटरवर आली, आणि जुने जोडीने फिरणारे लोक नाराज झाले. २०२१ मध्ये होंडाने मागची ट्रंक ५० वरून ६१ लिटर केली आणि मागच्याच्या पाठीचा कोन १७ अंशांवरून साडेचोवीस केला. साडेसात अंश! असल्या बदलाची पोस्टरं लागत नाहीत, पण आठ तास मागे बसणाऱ्याला विचारा.

बाकी ही गाडी आपल्यासाठी आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. चाळीस लाखांच्या घरात किंमत, आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये एवढं वजन पायावर तोलायचं म्हणजे शिक्षाच. ताम्हिणीत पावसाळ्यात ती वळवताना मी तरी रामरक्षा म्हणेन. पण तिच्यातला विचार तर फुकट आहे. तो साडेतीनशे सीसीलाही लागू पडतो. आता आपल्याकडच्या नव्या इंजिनांत बॅलन्सर शाफ्ट यायला लागलेत, पुढच्या सीट रुंद झाल्यात. मागची मात्र अजून बऱ्याच गाड्यांवर फळीच आहे.

तेव्हा पुढची गाडी बघायला जाल तेव्हा टेस्ट राइडला घरच्यांना बरोबर न्या, मागे बसवा आणि चांगला अर्धा तास खराब रस्त्यावरून फिरवा. सेल्समन कुरकुरेल, कुरकुरू दे. किती सीसी, किती टॉर्क हे नंतर बघू. आधी मागून काय आवाज येतो ते ऐका.