शेजाऱ्याच्या खळ्यातलं वतन

सातबाऱ्यावर नाव लागलं की वारसा मिळाला, असं आपण धरून चालतो. बायबलमधल्या लेवी वंशाचं नाव असं कुठेच लागलं नाही. इस्राएलच्या वंशांना कनान देश वाटून दिला, तेव्हा बाकीच्यांना मुलूख मिळाला. लेवींना राहायला गावं आणि गुरांपुरती कुरणं. देवच तुमचं वतन, असं त्यांना सांगितलं गेलं. हा उतारा उपासनेत वाचला जातो तेव्हा माझ्या मनात दरवेळी तोच प्रश्न येतो, यांची चूल कशावर पेटायची? उत्तर तिथेच आहे. इतरांनी पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा आणि त्यावर लेवींनी जगायचं. देवाचं वतन त्यांच्या ताटात यायचं ते शेजाऱ्याच्या खळ्यातून.

आमच्या नगरकडच्या मंडळीत कापणीच्या सणाला हे डोळ्यांनी दिसतं. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, परडीत अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी. आशीर्वाद झाला की बाहेर मांडवात लिलाव. एकट्या राहणाऱ्या एका मावशींनी परसातली मेथीची जुडी आणली होती. पहिली बोली शंभराची. घेणाऱ्याने पैसे मोजले आणि जुडी परत टेबलावर ठेवली, "पुन्हा बोला." ती जुडी अशी चार हातांतून फिरली. मावशी पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत बसल्या होत्या. शेवटी ज्याने घेतली त्याने ती त्यांच्याच पिशवीत टाकली आणि म्हणाला, "मावशी, रात्री जेवायला येतो."

पौलाच्या पत्रांत विश्वासणाऱ्यांना देवाचे वारस म्हटलं आहे, ख्रिस्ताबरोबरचे सोबतीचे वारस. मला त्यातलं 'सोबतीचे' फार मोलाचं वाटतं. जमिनीच्या वारशात सोबती वाढला की आपलं क्षेत्र कमी होतं. इथे सोबत्याशिवाय हाती काहीच येत नाही.

आपल्याकडे पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती माणसांना हे सोसून कळलं. धर्म बदलला तरी वडिलोपार्जित हक्क जाणार नाही, असा कायदा 1850 साली झाला. पण पंगतीतलं पान आणि माहेरचा उंबरा कोणता कायदा मिळवून देणार? कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंशी त्यांची काही वर्षं ताटातूट झाली. पुढे बाई स्वतःच्या विचाराने सोवळंओवळं सोडून त्या वाटेवर आल्या. 1919 साली टिळक गेले. मागे राहिलं ते अपुरं 'ख्रिस्तायन'. ते काव्य बाईंनी पुरं केलं. लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती, हे आठवलं की मला त्या ओव्यांपुढे हात जोडावेसे वाटतात. त्यांच्या आठवणींचं पुस्तक, 'स्मृतिचित्रे', हेही 1936 साली त्या गेल्या तेव्हा अपुरंच होतं. ते मुलाने, देवदत्तांनी, पुरं केलं. नवऱ्याचं राहिलेलं बायकोने उचललं, आईचं राहिलेलं मुलाने.

तीमथ्याला लिहिताना पौल त्याच्या आजीची, लोईसची, आठवण काढतो: तिचा विश्वास आधी आईत उतरला, मग तुझ्यात. लोईसने नातवाला नेमकं काय दिलं, ते पत्रात नाही. मला वाटतं, रोजच्या जेवणाखाण्यातूनच ते गेलं असेल.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तरी ते तसंच गेलं. दुष्काळाच्या दिवसांत टिळकांनी पोरकी मुलं घरी आणली. त्यांना न्हाऊमाखू घालणं, आहे त्यात वाढणं, रात्री कण्हणाऱ्याजवळ बसणं हे बाईंच्या वाट्याला आलं. रक्ताच्या नात्याने यातलं एकही मूल टिळकांचं वारस नव्हतं. ती मोठी झाली असतील, संसाराला लागली असतील. आज नगरकडे कुणाच्या तरी घरी एखादी पणती जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना म्हणते, आणि दारात कुणी उपाशी आलं तर आधी त्याला ताट वाढते. आपल्या पणजीला हे कोणत्या स्वयंपाकघरात मिळालं, हे तिला ठाऊकही नसेल.