सोंडेतील पाणी

धर्माबादेत मिरचीचा ठसका वाऱ्यावर असतो. तेथील मोंढ्याजवळ एका जैन अडत्याचे जुने घर आहे. दिवाळीच्या अमावास्येस ओसरीच्या भिंतीवर लक्ष्मी रेखाटावयाची, हा या घराचा परिपाठ. पूर्वजांनी मारवाडातून येताना पूजेचा पाना, म्हणजे कागदावरील लक्ष्मीचे चित्र, सोबत आणला होता. तो जीर्ण झाल्यावर दादीजींनी गेरू व खडीने तेच चित्र भिंतीवर उतरविले आणि पुढे ते काम त्यांच्याच हाती राहिले.

चित्र साधे आहे. कमळावर बसलेली देवी आणि दोन्ही बाजूंनी सोंड उंचावून तिच्यावर जल ओतणारे हत्ती. नातसून लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीस बाजारातून छापील चित्र घेऊन आली. त्यातील देवीच्या तळहातातून नाण्यांचा वर्षाव होत होता.

"दादीजी, आपल्या लक्ष्मीच्या हातून पैसे का पडत नाहीत?"

"पाणी पडतंय ना, बेटा."

या उत्तराचे मूळ फार जुने आहे. सांची व भारहूत येथील दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पांत हीच गजलक्ष्मी आहे. आपल्या मराठवाड्यात वेरूळच्या कैलास लेण्यात प्रवेश करताच तीच समोर येते. हत्ती म्हणजे जलभरले मेघ, आणि कमळ म्हणजे चिखलात उगवूनही चिखल न लागलेले फूल. त्रिशलामातेची स्वप्ने श्वेतांबर परंपरेत चौदा आणि दिगंबर परंपरेत सोळा. दोन्हींत चौथे स्वप्न याच लक्ष्मीचे आहे. दिवाळी हा भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. सर्वस्व त्यागणाऱ्याच्या निर्वाणदिनी धनाची पूजा कशी, असा प्रश्न जाणत्यांना पडतो. तेव्हा ही मोक्षलक्ष्मी होय, असे साधुसंत समजावितात. व्यापाऱ्याच्या ओसरीवर मात्र दोन्ही लक्ष्मी एकाच पाटावर बसतात, हे मान्य केलेले बरे.

१९७२ च्या दुष्काळात या चित्राची खरी कसोटी लागली. शिवार कोरडे, अडतीवर माल नाही, आणि आगाऊ उचल घेतलेली कुळे तोंड चुकवीत होती. वहीपूजनाच्या रात्री दादाजी व्याज मांडावयास बसले. दादीजी तेव्हा तरुण होत्या आणि सासऱ्यांदेखत बोलण्याची रीत नव्हती, तरी त्या पदर सावरून म्हणाल्या, "हत्तींनीच यंदा पाणी ओतलं नाही, तर कुळांनी कुठून द्यावं?" दादाजींना हे रुचले नाही. दोन दिवस घरात अबोला राहिला. तिसऱ्या दिवशी नव्या वहीत मुद्दल पुढे ओढले गेले. व्याजाचा रकाना कोराच राहिला.

ही दया होती की धंद्याची दूरदृष्टी, हे ठरविणे अवघड आहे; कारण पाऊस परतल्यावर तीच कुळे माल घेऊन याच अडतीवर आली. ती वही अजून कपाटात आहे.

आता दादीजींचा हात कापतो. गेल्या दिवाळीस छापील चित्र देवघरात ठेवून नातसुनेने गेरूची वाटी हाती घेतली. तिच्या हत्तीची सोंड आखूड झाली, कानही एक लहान एक मोठा. त्याबद्दल दादीजी काहीच बोलल्या नाहीत. खुर्ची भिंतीजवळ ओढून त्यांनी सोंडेतून निघालेल्या पाण्याच्या रेघा मात्र बोटाने मोजल्या आणि म्हणाल्या, "अजून दोन काढ."